मुळ्ये सरांचे शिपाई

चिंतामणी मुळ्ये सर लॅबच्या पायरीवर दिसले की मी आधी रबरी पट्टा शोधायचे आणि मग मनातल्या मनात गणपतीपुळ्याच्या गणपतीला हाक मारायचे. दंडाला पट्टा बांधल्यापासून सुई आत जाईपर्यंत अर्धं मिनिट लागतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात हा माणूस मला रक्ताभिसरण शिकवायचा. बावीस वर्षं मी रत्नागिरीत याच लॅबमध्ये रक्त काढतेय, निम्म्या जिल्ह्याच्या शिरा मला तोंडपाठ आहेत. पण सरांच्या लेखी मी अजून आठवी ब मधली दर्शना, आणि तीही ढ.

ढ मी नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझीही शोभा व्हायची आहे. आठवीत सरांनी मला विज्ञानाच्या पेपरात एका गणिताला शून्य दिलं. उत्तर बरोबर होतं, पण मी पायऱ्या लिहिल्या नव्हत्या. "उत्तर कुठूनही आणता येतं, पायऱ्या दाखव," असं म्हणून त्यांनी लाल पेनाने असलं दाबून शून्य काढलं की ते खालच्या पानावर उमटलं. त्या शून्याचा राग मी तीस वर्षं जपून ठेवला होता. माणसाला काहीतरी जपायला हवं.

तर हे सर. लांज्याजवळच्या आमच्या गावात चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वय एकोणसत्तर. शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निवृत्तीनंतर लाल पेनाला काम उरलं नाही, तेव्हा ते घरी आलेल्या लग्नपत्रिका तपासायला लागले. चुका गोल करून पत्रिका परत पाठवायचे. लग्नाला मात्र जायचे, आणि जेवून यायचे.

रक्तावरचा त्यांचा धडा आमच्या अख्ख्या पिढीला पाठ आहे. फळ्यावर मोठा गोल काढायचे, त्याला दोन हात काढायचे, हातात भाला द्यायचे. "पांढरी पेशी म्हणजे शरीराचा शिपाई. जंतू आला की शिपाई त्याला गिळतो. विषय संपला." विषय संपला हे त्यांचं लाडकं वाक्य. ते वर्गापुरतं नव्हतं. ग्रामसभेत, एसटीत, जेवताना, कुठेही तो विषय संपायचा, आणि सर बोलत राहायचे.

सरांच्या मागून दोन पावलांवर कमलाकाकू. हातात कापडी पिशवी. पिशवीत सरांची फाइल, सरांची पाण्याची बाटली, सरांची टोपी. काकूंना काही विचारावं तर उत्तर सर द्यायचे. "काकू, बऱ्या आहात ना?" असं मी म्हणायची खोटी, "बरी आहे ती," असं उत्तर यायचं. काकू नुसत्या हसायच्या. त्या बऱ्या आहेत असं मीही धरून चालायचे. बाईमाणूस असून मला कधी त्यांच्याकडे वळून दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर सरांना सेंद्रिय शेतीचं खूळ लागलं. हापूसची चाळीस कलमं होती, ती एकदम शुद्ध करायची ठरली. खताची गोणी दिसली की सर नाक मुरडायचे. गावात कुणी डोकं दुखतंय म्हणून गोळी घेतली तरी त्याला रस्त्यात थांबवून त्या गोळीने मूत्रपिंडाचं काय होतं ते सांगायचे. माणसाचं दुखणारं डोकं आणखी दुखायला लागायचं.

आमच्या सड्यावर, म्हणजे त्या वरच्या उघड्या कातळावर, एक गुहा आहे. आत पाकोळ्या लटकतात, ती बारकी वटवाघळं. किती पिढ्या लटकतायत देव जाणे, खाली त्यांच्या लिदेचा हातभर थर साठलाय. पावसात गुरं राखणारेसुद्धा तिथे आसऱ्याला जात नाहीत, इतका उग्र दर्प. सरांना मात्र तिथे खजिना सापडला. "नत्र आहे, नत्र," म्हणाले, आणि आंब्याचा मोसम आटोपल्यावर मे महिन्याच्या शेवटी त्यांनी ती लीद काढायला घेतली.

काढायला घेतली म्हणजे काकूंनी. वाकून आत जायचं, पाटी भरायची, बाहेर आणायची. काकूंनी तोंडाला ओला पदर घट्ट बांधला होता. सर गुहेच्या तोंडाशी दगडावर बसून ती वाळलेली लीद चाळणीने चाळायचे. उघड्या तोंडाने, कारण सोबत व्याख्यान चालू असायचं. मधूनच चिमूटभर उचलून नाकाशी न्यायचे. खत मुरलंय की नाही ते म्हणे वासावर कळतं. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला होता. भुरभुरत्या धुळीत सर बसलेत, खाली लिहिलंय 'निसर्गाची देणगी'. एकवीस जणांनी अंगठे दिले. त्यातला एक माझा. अशा जागांच्या धुळीत कसली बुरशी असते ते मला शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. तरी मी अंगठा दिला.

त्याच सुमारास सर गोल झाले. गाल वर आले, मानेवर मांस चढलं. ज्या गुडघ्यांपायी दोन वर्षं खाली मांडी घालता येत नव्हती, ते गुडघे घेऊन सर सडा चढायला लागले. "सेंद्रिय आहार," ते म्हणायचे. लोक म्हणायचे, सर, तब्येत सुधारली. मी म्हटलं, "सर, पेन्शन मानवली तुम्हाला." ते खूष झाले. माणूस सुजत होता आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो.

जुलैत ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. सरांनी गुळवेल, काढा, नाचणीची पेज असं सगळं करून पाहिलं, आणि तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी लॅबमध्ये आले.

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. मी पट्टा बांधला. सरांनी रक्ताभिसरण सुरू केलं. काकू बाजूला उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "दर्शना, ह्यांची ती पुडी आहे ना, ती..."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सर म्हणाले. "विषय संपला."

काकू थांबल्या. मी जांभळ्या झाकणाची बाटली भरत होते. कसली पुडी, एवढं विचारायला काय लागत होतं? मला वाटलं, असेल काहीतरी हिंगाष्टक.

रक्त मशीनला लावलं. आमचं मशीन एका मिनिटात पेशी मोजतं. पण मोजून त्याला शंका आली तर कोपऱ्यात एक खूण उमटते. ती खूण उमटली की काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढायचा, वाळवायचा, रंग द्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या डोळ्याने पाहायचं. सगळं मिळून पाऊण तास जातो. सरांच्या पेशी कमी भरल्या होत्या आणि खूण उमटली होती. मी काचपट्टी ओढली आणि वाळत ठेवली.

तोवर बाहेरून आवाज. "दर्शने, किती वेळ? लांज्याची एसटी जाईल."

"सर, काचपट्टी बघायची आहे अजून."

"मशीनने मोजलंय ना? मग तू परत काय मोजणार? तुला मशीनपेक्षा जास्त येतं?"

बाकावरची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. तीस वर्षं जपलेलं ते शून्य वर आलं. म्हटलं, जाऊ दे, घेऊन जा तुझं उत्तर. रिपोर्टात खाली एक ओळ असते, काचपट्टीवर काय दिसलं त्याची. मी तिथे टाइप केलं, 'विकृत पेशी आढळल्या नाहीत'. आमच्या पॅथॉलॉजिस्ट ऋजुता मॅडमनी विचारलं, "स्लाइड पाहिलीस?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. सरांना एसटी मिळाली.

काचपट्टी तशीच बिनरंगाची खोक्यात गेली.

अकरा दिवसांनी एक रिक्षा लॅबच्या दारात थांबली आणि काकूंनी सरांना खांद्याचा आधार देऊन उतरवलं. शर्ट अंगावर लोंबत होता. त्या रिपोर्टावर भरवसा ठेवून गावच्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून औषध दिलं होतं. त्यांचा काय दोष, विकृत काही नाही असं छापील लिहिलेलं होतं. मी पट्टा बांधला आणि सर काहीच बोलले नाहीत. रक्ताभिसरण नाही, काही नाही. मला भीती वाटली ती तेव्हा.

या वेळी मी काचपट्टीला रंग दिला. तेलाचा थेंब टाकला, मोठं भिंग लावलं. तिसऱ्या मिनिटाला पहिली पेशी सापडली. पांढरी पेशी, चांगली टपोरी, आणि तिच्या पोटात बारीक बारीक अंडाकृती ठिपके. एक नाही, दोन नाही, नऊ मोजले. प्रत्येकाभोवती पांढरी कड. पुढे सरकवलं, आणखी एक पेशी, तिच्यातही तेच. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"बुरशी आहे ही," त्या म्हणाल्या. "हिस्टोप्लाझ्मा असावा. ह्यांचा वटवाघळांशी काही संबंध?"

मी फोन काढून त्यांना निसर्गाची देणगी दाखवली. खाली माझा अंगठाही दिसत होता.

आता सरांच्या शिपायांचं काय झालं ते ऐका. धुळीबरोबर बुरशी छातीत गेली. शिपायांनी तिला गिळलं, इथपर्यंत सरांचा धडा बरोबर. पण गिळल्यावर पेशी आपल्या पोटात आम्ल ओतून जंतूला जिरवते. ही बुरशी ते आम्ल चढूच देत नाही. गणपतीला म्हणून मुंबईहून आलेला एखादा चुलत चुलता दिवाळीपर्यंत हलत नाही ना, तशी ती आत बसते, खाते, आणि वर पोरंबाळं वाढवते. शिपाई तिला पोटात घेऊन रक्तातून हिंडतो. यकृतात जा, प्लीहेत जा, हाडांच्या मगजात जा, फुकट प्रवास. धडधाकट माणसात दुसऱ्या पेशी येऊन या शिपायाला हलवतात, अरे, पोटात काय घेऊन हिंडतोयस बघ. मग तो जागा होतो आणि तिला मारतो, नाहीतर कोंडून घालतो. बहुतेकांना साधा खोकला होऊन सगळं संपतं, कळतही नाही. सरांच्या अंगात ती हाकच पोचत नव्हती. कुणीतरी सगळ्या पलटणीला गुंगी दिली होती.

मॅडमनी एचआयव्हीची तपासणी सांगितली. झालं. अंगात उठायची ताकद नव्हती, तरी सर कोपरावर उठून बसले. "माझी? मी मुळ्ये आहे."

"बुरशीला आडनाव वाचता येत नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

तपासणी केली, काही निघालं नाही. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती मीच सुचवली होती. "मग स्टेरॉइड? कसली गोळी घेता?" मॅडमनी विचारलं. "आयुष्यात गोळी घेतलेली नाही," सर म्हणाले, आणि डोळे मिटले. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा माणूस काहीतरी घेतोय. तोंड बघ त्याचं, वाटोळं झालंय. काय ते कळल्याशिवाय पुढे पाठवायचं कसं? यकृत सुजलंय. आठवडा काढेल की नाही, शंका आहे."

मी बाहेर बाकावर काकूंच्या शेजारी जाऊन बसले. सर आत, दार लोटलेलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काकूंना असं काही विचारत होते की ज्याचं उत्तर द्यायला सर जवळ नव्हते.

"काकू, हे कसली गोळी घेतात?"

"गोळी नाही गो घेत," काकू म्हणाल्या. "पुडी घेतात. लांज्याच्या पुढे एक गृहस्थ देतात, मंगळवारी. झाडपाल्याची म्हणतात. दोन दिवसांत गुडघे थांबले ह्यांचे. मार्चपासून दोघांच्या आणतात. त्या दिवशी तुला तेच तर सांगत होते मी."

पिशवीतून त्यांनी एक पुडी काढून दिली. मी ती घेऊन धावत आत गेले. मॅडमनी बोटावर पूड घेतली आणि मान हलवली. दोन दिवसांत गुडघे थांबवणारा झाडपाला त्यांनी पुष्कळ पाहिला होता. स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेला. पलटणीला गुंगी त्यांनीच दिली होती. गावभर लोकांच्या हातातली डोकेदुखीची गोळी काढून घेणारा माणूस पाच महिने रोज सकाळी नेमाने स्टेरॉइडचा फक्का मारत होता, आणि त्याला सेंद्रिय म्हणत होता. लाज वाटली म्हणून बोलला नाही. लाजेपायी मरायला टेकला, पण विषय संपला तो संपलाच.

पुडी हातात होती म्हणून पुढचं सगळं पटापट झालं. त्याच दिवशी सर कोल्हापूरला गेले. दोन आठवडे सलाइनमधून औषध चढलं. ते औषध चढताना हुडहुडी भरते, दात वाजतात. हाडातला मगज तपासला, त्यातही बुरशी निघाली. तिथल्या डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, पंधरा दिवस आधी आले असते तर इतके हाल झाले नसते.

ते मला काकूंनी फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला, खोकं उघडलं, ती शुक्रवारची बिनरंगाची काचपट्टी काढली. इतक्या दिवसांनी रंग नीट बसत नाही. तरी बसला. पाऊण तास बसून मी एकेक जागा सरकवत पाहिली. दोन पेशी सापडल्या. त्याच ठिपक्यांच्या, त्याच पांढऱ्या कडेच्या. त्या शुक्रवारीही त्या तिथेच होत्या, आणि मी विकृत काही नाही असं लिहून मोकळी झाले होते. कचऱ्याचा डबा हातभर अंतरावर होता. काच फोडून टाकली असती तर देवालाही कळलं नसतं. मी ती मॅडमसमोर नेऊन ठेवली आणि सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, चार दिवस मला जेवण गेलं नाही.

डिसेंबरात सर तपासणीला आले. कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली, पण आवाज परत आलेला. बाकावरच्या माणसांना ते हिस्टोप्लाझ्माची फोड करून सांगत होते. हा रोग फार थोड्यांना होतो, हे ते असं सांगत होते जसं काही त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. कोल्हापूरला म्हणे शिकाऊ डॉक्टर रांग लावून त्यांना बघायला यायचे, आणि सरांनी त्यातल्या दोघांच्या चुका काढल्या.

"दर्शने, माझे शिपाई दाखव," ते आत येऊन म्हणाले.

ते रिक्षातून आले त्या दिवशीची काचपट्टी मी भिंगाखाली लावली. सर वाकले. मागे दोन पावलांवर काकू, पिशवी धरून.

"हा शिपाई?"

"हो सर."

"आणि पोटात हे ठिपके?"

"बुरशी."

"म्हणजे गिळलंय त्याने."

"गिळलंय. जिरवलं नाही."

सर भिंगातून वर आले नाहीत. "मी चौतीस वर्षं गिळला की विषय संपला असं शिकवलं," ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच त्यांना ताटलीतली दुसरी काचपट्टी दिसली. काचपट्टीच्या टोकाला नाव आणि तारीख असते. सर लिहिलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडत नाहीत.

"ही कुठली?"

सांगायचं ठरवलं होतंच मी. "ही पहिली, सर. तुम्हाला एसटी गाठायची होती त्या दिवशीची. तेव्हा मी पाहिली नाही. पाहिली असं लिहिलं. हिच्यातही होती."

सरांनी काकूंच्या पिशवीतून फाइल घेतली, तो रिपोर्ट काढला, खिशातलं लाल पेन काढलं, आणि मी टाइप केलेल्या ओळीवर दाबून एक शून्य काढलं. "पायऱ्या नाहीत," म्हणाले. शून्य अगदी गोल आलं. आठवीत निदान उत्तर बरोबर होतं माझं.

"अहो, तिला काय बोलता?" मागून काकू म्हणाल्या. "मशीनने मोजलंय ना, तू काय मोजणार, असं कोण म्हणालं? तुम्हीच."

सर त्यांच्याकडे वळले, काहीतरी लागट बोलायला. मी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला. ताप असतानाही तो इतका उतरला नव्हता.

"दर्शने, हिचं रक्त घे."

"का, सर?"

"गुहेत आत ही जात होती. मी बाहेर बसलो होतो. आणि पुड्या..." ते खुर्चीत बसले. "मी आजारी पडेपर्यंत हिलाही रोज एक देत होतो. हिचेही गुडघे दुखतात म्हणून."

दोघांच्या आणतात. काकूंनी ते मला बाकावर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी सरांची पुडी उचलून धावले होते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी, मॅडमनी, मी, कुणी म्हणजे कुणी त्या बाईच्या दंडाला पट्टा बांधला नव्हता. चार महिने ती सरांच्या उशाशी बसून होती आणि आम्ही तिच्याकडून पिशवी तेवढी घेत होतो.

"नाव, वय सांगा काकू," मी म्हटलं.

"कमला चिंतामणी मुळ्ये, चौसष्ट," सर म्हणाले.

"सहासष्ट," काकू म्हणाल्या. "गणपतीत पुरी झाली."

रक्त घेतलं. मशीनला लावलं. खूण उमटली नाही. तरी काचपट्टी ओढली, वाळवली, रंग दिला. बाहेर स्टँडवर एसटी लागल्याचा भोंगा ऐकू आला. सर नुसते माझ्या पाठीकडे बघत बसले होते, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. मी पाऊण तास डोळा काढला नाही. टोकापासून टोकापर्यंत पाहिलं, उलट फिरून पुन्हा पाहिलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काकूंच्या पेशी स्वच्छ आहेत. मॅडमही बघतील, छातीचा फोटोही काढून घेऊ. पण रक्तात काही नाही."

सरांनी डोळे पुसले. खरंच पुसले, मी पाहिलं. आणि दोन मिनिटंही गेली नसतील, त्यांना कंठ फुटला. "म्हणजे बघ, पुडी तीच, धूळ तीच, पण स्त्रीदेहाची प्रतिकारशक्ती जी असते ती मुळात..."

"मी एकही पुडी घेतली नाही," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पोफळीच्या आळ्यात टाकत होते. रोज. दोन दिवसांत गुडघा थांबतो म्हणजे त्यात काय घातलं असेल कोण जाणे, असं पहिल्याच मंगळवारी मी तुम्हाला म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय त्यातलं."

"अगं, मग माझ्याही टाकायच्या होत्यास."

"तुमच्या तुम्ही रोज मोजून घेत होतात," काकू शांतपणे म्हणाल्या. "माझ्या कोण मोजतंय?"

लाल पेन अजून सरांच्या हातात होतं, ते त्यांनी झाकण लावून खिशात ठेवलं. काकूंनी फाइल उचलून पिशवीत घातली, बाटली घातली, टोपी घातली.

"बसा काकू, रिपोर्ट व्हायचाय अजून," मी म्हटलं, आणि परत भिंगाला डोळा लावला. काकूंच्या पांढऱ्या पेशी मशीनने मोजल्या होत्याच. मी त्या पुन्हा एकेक करून शंभरपर्यंत हाताने मोजल्या.